चौऱ्याऐंशी लाख वर्षांची त्रितालाची मैफल

जळकोटच्या आसपास कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला की विणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारे आधीच लागलेले असतात. एकाच्या गळ्यातून निघालेली विणा थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत की दुपारच्या पंगती बसलेल्या असोत. सात दिवसांचे तास होतात १६८ आणि सेकंद ६,०४,८००.

आता दुसरा आकडा. सा रे ग म प ध नी हे सात स्वर घ्या. प्रत्येक स्वर एकदाच यायला हवा, क्रम कसाही चालेल. पहिल्या जागी सातांपैकी कोणीही येईल, दुसऱ्या जागी उरलेल्या सहांपैकी, तिसऱ्या जागी पाचांपैकी. सात गुणिले सहा गुणिले पाच असं करत खाली एकापर्यंत आलं की उत्तर येतं ५,०४०. या प्रत्येक तानेला दोन मिनिटं द्यायची असं ठरवून पहिल्या दिवशी सुरुवात केली, तर शेवटची तान संपते त्या क्षणी सप्ताह संपतो. एक सेकंद उरत नाही आणि एक सेकंद कमीही पडत नाही. ६,०४,८०० ला ५,०४० नं भागून बघा, बरोबर १२० येतात.

यात दैवी संकेत शोधायला जाऊ नये. सात वार, चोवीस तास, साठ मिनिटं आणि साठ सेकंद यांच्या गुणाकारात जे अवयव येतात, त्यांतच पाच हजार चाळीसचे सगळे अवयव बसतात, एवढंच. तरी हा योग मला आवडतो. कारण ही ५,०४० ची मोजणी पुस्तकात मांडून ठेवणारा माणूस आपल्याच मुलखातला होता. तो देवगिरीला राहत होता आणि त्याच्या घराण्याकडे हिशेबाचं खातं होतं.

शार्ङ्गदेव. यादव राजा सिंघण याच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आजोबा भास्कर काश्मीरमधून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या दरबारात मोठे झाले. ग्रंथात या घराण्याच्या नावाशी श्रीकरणाची पदवी येते. श्रीकरण म्हणजे राज्याचं दफ्तर आणि जमाखर्च. पुढे हेच पद हेमाद्रीकडे गेलं, तोच आपला हेमाडपंत. शार्ङ्गदेव स्वतःला ‘निःशंक’ म्हणवून घेई, वैद्यकही जाणत होता. पण ग्रंथाचा पहिला अध्याय वाचताना वैद्यापेक्षा हिशेबनीसच जास्त दिसतो. सूर लावण्याआधी हा माणूस सुरांची खतावणी मांडून बसतो.

त्याच्या खतावणीत दोन ग्रामांच्या, म्हणजे दोन मूळ स्वरसप्तकांच्या, मिळून १४ मूर्च्छना आहेत, म्हणजे त्यांतल्या एकेका स्वरापासून सुरू होणारे सात स्वरांचे क्रम. प्रत्येकीचे चार प्रकार: शुद्ध, काकली निषादाची, अंतर गांधाराची आणि दोन्ही असलेली. चौदा चोक छप्पन्न. छप्पन्न मूर्च्छनांच्या प्रत्येकी ५,०४० ताना, म्हणजे सरळ क्रमासह २,८२,२४० पूर्ण ताना. आपल्या दोन मिनिटांच्या हिशेबानं हे छप्पन्न सप्ताह होतात. वर्षभर विणा खाली ठेवायची नाही आणि वर आणखी चार आठवडे उभं राहायचं. सहा, पाच, चार स्वरांच्या ताना तर अजून मोजल्याच नाहीत.

एवढ्या ताना कोण लिहून काढणार? शार्ङ्गदेवालाही ते नको होतं. खरी गंमत तिथेच आहे. त्यानं यादी न लिहिता यादीतला कुठलाही एक नग उचलून आणायची रीत दिली. या रीतीला तो खंडमेरू म्हणतो. आकड्यांचा हा तक्ता पायऱ्यापायऱ्यांनी लहान होत जातो आणि त्यावर खडे ठेवून उत्तर काढायचं असतं. तान सांगितली तर तिचा क्रमांक काढायचा, हे ‘उद्दिष्ट’. क्रमांक सांगितला तर हरवलेली तान शोधायची, हे ‘नष्ट’.

करूनच पाहू. मला ३,००० क्रमांकाची तान हवी आहे. यादीची सुरुवात सा रे ग म प ध नी या सरळ क्रमानं होते आणि शेवटचा स्वर सगळ्यात सावकाश बदलतो. पहिल्या ७२० तानांच्या शेवटी नी, पुढच्या ७२० च्या शेवटी ध, असं उलट्या दिशेनं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात म्हणून ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२० हे आकडे असतात. तीन हजारांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा २८८०, तो वरून पाचवा. नी, ध, प, म, ग असं मागून मोजलं की पाचवा येतो ग. म्हणजे तान गांधारावर संपते. एक खडा ठेवला, १२० उरले. पुढच्या रकान्यात १२० चीच पायरी आहे, पण शेवटच्या एकासाठी १ राखून ठेवावा लागतो, म्हणून इथे शून्य: उरलेल्यांतला मागून पहिला, नी. मग ९६, म्हणजे सा. मग १८, म्हणजे रे. मग ४, म्हणजे म. मग १, म्हणजे प. राहिला ध, त्याच्या वाट्याला तो राखलेला १. बेरीज करा: २८८० + ० + ९६ + १८ + ४ + १ + १ = ३०००.

मागून पुढे वाचलं की तान मिळते: ध प म रे सा नी ग. पेटीवर वाजवून बघा. शेवटच्या निषादावरून गांधारावर पडणारी उडी सोडली तर तान अगदी वाईट नाही.

सात खडे ठेवले आणि २,९९९ ताना न लिहिता तीन हजारावी हातात आली. आज संगणकाला क्रमपर्यायांच्या यादीतला अमुक क्रमांकाचा पर्याय काढायला सांगितला तर तो हेच करतो, ७२०, १२०, २४, ६, २, १ या पायऱ्यांनी उतरतो. या अंकपद्धतीचं युरोपातलं श्रेय लेझां या फ्रेंच गणितीला देतात, साल १८८८. देवगिरीचे खडे त्याच्या साडेसहा शतकं आधीचे.

ही मोजणी आकाशातून पडली नव्हती. याच सिंघणाच्या दरबारात चांगदेव नावाचा ज्योतिषी होता, तो भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला, तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे. ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील? उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव म्हणत आपण जी चोवीस नावं घेतो, त्या मूर्तींचा हाच हिशेब. शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचे प्रकार विचारले की उत्तर थेट ३६,२८,८०० वर जातं. एका दरबारात एकीकडे आयुधांची अदलाबदल शिकवणारा मठपती आणि दुसरीकडे स्वरांची अदलाबदल मांडणारा हिशेबनीस. दोघांची भेट झाली का, बोलणं काय झालं, हे ज्यानं त्यानं कल्पावं.

स्वर सातांचे बारा केले की काय होतं तेही बघा. कोमल-तीव्र धरून बारा स्वर, प्रत्येक एकदाच: ४७,९०,०१,६०० ताना. व्हिएन्नाच्या अर्नोल्ड शोनबर्गनं १९२० च्या दशकात नेमकी हीच अट घालून संगीत रचायला घेतलं, की बाराही स्वर वाजल्याशिवाय एकही परत यायचा नाही. पाश्चात्त्य आधुनिक संगीताची अख्खी एक शाखा त्यातून निघाली. आपल्या भाषेत सांगायचं तर शोनबर्ग बारा स्वरांच्या कूटताना, म्हणजे सरळ क्रम मोडलेल्या ताना, निवडत होता. सेकंदाला एक स्वर या गतीनं त्या सगळ्या गायच्या तर १८२ वर्षं लागतील, आणि सप्ताहात सांगायचं तर बरोबर ९,५०४. बावीस श्रुतींचा असाच खेळ केला तर आकडा एकवीस शून्यांवर जातो. ‘लीलावती’त संख्यांच्या स्थानांची नावं परार्धावर संपतात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. बावीस श्रुतींचे क्रम अशा सुमारे ११,२४० परार्धांइतके भरतात. भास्कराचार्यांकडेही त्याला नाव नव्हतं.

इथपर्यंत प्रत्येक स्वर एकदाच घेतला. संगीत मात्र असं कधीच चालत नाही, षड्जावर तर माणूस पुन्हा पुन्हा येतो. म्हणून आता ती अट काढून टाकू. त्रितालाचं एक आवर्तन घ्या, सोळा मात्रा. प्रत्येक मात्रेवर सात शुद्ध स्वरांपैकी कुठलाही एक. कोमल नाही, तीव्र नाही, मींड नाही, सप्तक एकच. बालवाडीतलं संगीत म्हणा. किती आवर्तनं होतील? सात गुणिले सात, असं सोळा वेळा: ३,३२,३२,९३,०५,६९,६०१. म्हणजे तेहतीस लाख कोटींच्या वर. मात्रेला अर्धा सेकंद, आवर्तनाला आठ सेकंद, आणि एकही आवर्तन दोनदा घ्यायचं नाही. ही मैफल किती चालेल?

चौऱ्याऐंशी लाख वर्षं. नेमकं सांगायचं तर ८४ लाख २४ हजार आणि वर काही. योन्या जितक्या, तितकी वर्षं. आठ सेकंदांऐवजी नऊ धरले असते तर हा आकडा आला नसता, हे मला ठाऊक आहे. पण आला आहे तर सोडवत नाही. (शार्ङ्गदेवाकडे शुद्ध ताना आहेत नेमक्या ८४, आणि त्यांना त्यानं यज्ञांची नावं दिली आहेत.)

युरोपात सोळा मापांचा असाच एक खेळ होता. मोझार्टच्या नावावर खपलेला, अठराव्या शतकाच्या शेवटी छापलेला. दोन फासे टाकायचे, बेरीज दोनपासून बारापर्यंत काहीही येईल, म्हणजे अकरा शक्यता. प्रत्येक बेरजेला एक तयार तुकडा, आणि असे सोळा तुकडे जोडले की एक वॉल्ट्झ. अकराचा सोळावा घात म्हणजे सुमारे ४५९ कोटी कोटी वॉल्ट्झ. घरोघरी फासे टाकून लोकांनी ते वाजवले आणि प्रत्येकाला वाटलं की आपला वॉल्ट्झ याआधी कुणी ऐकलेला नाही. बहुतेकांचं म्हणणं खरंच होतं.

मग प्रश्न उरतो तो फाशांच्या नंतरचा. शक्यता एवढ्या असतील तर त्यांतल्या नको त्या टाकायच्या कशा?

हे काम यंत्राकडे सोपवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाला. लेजारेन हिलर हा मुळात रसायनशास्त्रज्ञ. लेनर्ड आयझॅकसन याच्यासोबत त्यानं ‘इलियाक’ नावाच्या यंत्राला कामाला लावलं आणि १९५७ साली तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी ‘इलियाक सुइट’ पूर्ण झाला. यंत्रात २,८०० निर्वात नळ्या होत्या, वजन पाच टन, आणि मुख्य स्मृती १,०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे सगळे मिळून ५,१२० बाइट. आठ जीबीचा साधा मोबाइल हल्ली गावोगाव प्रत्येकाच्या खिशात असतो. त्याच्या रॅममध्ये असे सुमारे १६ लाख ७८ हजार इलियाक मावतील, आणि पहाटे पहाटे ‘शुभ सकाळ’ पाठवण्यापलीकडे आपण त्याचं फारसं काही करत नाही.

हिलरची रीत साधी होती. यंत्रानं कुठलाही आकडा काढायचा, तो आकडा म्हणजे एक स्वर. मग जुन्या युरोपीय काउंटरपॉइंटच्या नियमांवर तो घासून बघायचा: इथे एवढी उडी चालत नाही, दोन आवाज असे समांतर जात नाहीत. नियमात बसला तर ठेवायचा, नाही तर फेकून दुसरा काढायचा. यंत्राचा बहुतेक वेळ फेकण्यातच जातो. पाच वर्षांनी आयानिस झेनाकिसनं पॅरिसला आयबीएमच्या यंत्रावर संभाव्यतेची सूत्रं चढवली, आणि त्यातल्या एका रचनेच्या नावातच गणनेची तारीख आली. पुढे हे सगळं मोठ्या संस्थांचं झालं.

दुसरी वाट होती आवाजच आकड्यांतून घडवायची, त्याच १९५७ साली बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूजनं धरलेली. सीडीवर एका सेकंदाचा आवाज म्हणजे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्याच्या ६५,५३६ पातळ्या. एका सेकंदात, एकाच बाजूच्या स्पीकरमधून, किती वेगवेगळे आवाज निघू शकतील? हा आकडा लिहायला २,१२,४०७ अंक लागतात. आकड्याची किंमत सांगत नाही, फक्त लांबी सांगतोय. पानाला तीन हजार अंक छापले तर नुसता आकडा सत्तर पानं खाईल. दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या, ढोबळ अंदाजानं एकावर ऐंशी शून्यं, एका ओळीत संपते. आणि त्या एका सेकंदाच्या आवाजांत भीमसेनांचा षड्ज आहे, पिठाच्या गिरणीची घरघर आहे, आणि जवळपास सगळं उरलेलं म्हणजे रेडिओ स्टेशन लागलं नाही की येणारी खरखर. खरखरीचा वाटा इतका प्रचंड आहे की आंधळेपणानं आवाज उचलला तर कल्पांतापर्यंत दुसरं काही हाती लागायचं नाही.

तेव्हा चाळणी हवी. आणि चाळणीच्या बाबतीत आपल्याकडे रागासारखी गोष्ट पडलेली आहे.

तीच सोळा मात्रांची मैफल पुन्हा लावू, पण भूप रागात. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. दोनच स्वर काढले, पाच राहिले. पाचाचा सोळावा घात होतो १५,२५८ कोटींच्या वर. चौऱ्याऐंशी लाख वर्षांची मैफल उतरून ३८,६८२ वर्षांवर आली. मध्यम आणि निषाद या दोघांनी जाताना आपल्याबरोबर २१८ पैकी २१७ भाग नेले.

आता चलनाचा एक ढोबळ नियम लावू. स्वर त्याच जागी राहील किंवा भूपातल्या शेजारच्या स्वरावर जाईल, वर किंवा खाली. ग वरून प किंवा रे, सा वरून रे किंवा खालचा ध. सप्तक कुठलं हे सोडून द्या. म्हणजे प्रत्येक पावलाला तीन वाटा. पहिल्या मात्रेला पाच पर्याय, पुढच्या पंधरांना तीन-तीन: ७,१७,४४,५३५ आवर्तनं. रात्रंदिवस गात राहिलं तर अठरा वर्षं. रोज चार तासांचा रियाज धरला तर १०९ वर्षं. एका जन्मात संपणार नाही, पण गुरू आणि शिष्य अशा दोन पिढ्यांत संपेल. तेहतीस लाख कोटींवरून आपण तालमीच्या मापावर आलो, आणि त्यासाठी दोन वर्ज्य स्वर आणि शेजाऱ्यांचा एक नियम एवढंच पुरलं. मोबाइलनं सेकंदाला एक कोटी आवर्तनं तपासली असं धरू. बारा स्वरांच्या ताना त्याला पाऊण मिनिटात उरकतील, भूपाची ही यादी सात सेकंदांत, पण बावीस श्रुतींचे क्रम मोजायला त्यालाही ३५ लाख वर्षं लागतील. यंत्र कितीही वेगवान केलं तरी चाळणी लागतेच.

ही चाळणी संगणकात उतरवायचं काम एका मराठी घरात झालं. वीणा सहस्रबुद्धे ग्वाल्हेर गायकीच्या मोठ्या गायिका (१९४८–२०१६). वडील शंकर श्रीपाद बोडस, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पती हरि सहस्रबुद्धे आयआयटी कानपूरला संगणकशास्त्राचे प्राध्यापक, नंतर आयआयटी मुंबईला. १९९२ साली व्हिएन्नाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युरोपीय परिषदेत संगीतावर कार्यशाळा झाली. तिथे हरि सहस्रबुद्धे यांनी सहकाऱ्यासोबत रागसंगीताच्या संगणकीय प्रारूपावर निबंध मांडला. कल्पना अशी की राग म्हणजे थांब्यांचा आणि वाटांचा नकाशा. प्रत्येक थांब्यावरून पुढे कुठे जाता येतं हे ठरलेलं, आणि ते ठरवायला संगीताच्या प्रमाण ग्रंथांत नोंदलेली माहिती. नकाशावर चालत गेलं की रागाचे नवे स्वरसमूह तयार होतात. आपण वर भूपाला लावलेला शेजाऱ्यांचा नियम ही त्याचीच बाळबोध आवृत्ती. यंत्रानं काढलेले नमुने शास्त्रदृष्ट्या बिनचूक होते, असं पुढच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. ज्या घरात रोज ग्वाल्हेरची बंदिश घोटली जाते, तिथल्या माणसानं यंत्राला राग शिकवायला घ्यावा यात मला तरी विरोधाभास दिसत नाही. कुठली वाट बंद आहे हे ज्याला रोज ऐकू येतं, त्यालाच नकाशा काढता येतो.

गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलेल्यांना रागसंख्येचा आणखी एक आकडा पाठ असतो: एका थाटातून ४८४ राग. आरोहात सात, सहा किंवा पाच स्वर, आणि षड्ज सोडायचा नाही. सातांचा आरोह एक प्रकारे, सहांचा सहा प्रकारे, पाचांचा पंधरा प्रकारे, मिळून २२. अवरोहही २२ प्रकारांनी. बावीस गुणिले बावीस चारशे चौऱ्याऐंशी. (या बावीसचा श्रुतींशी काही संबंध नाही, तोंडी परीक्षेत कुणी जोडलाच तर गुण जातील.) व्यंकटमखींचे ७२ मेळ घेतले की ३४,८४८ राग. त्यातले शंभर-दीडशे मैफलींत नेहमी ऐकू येतात. बाकीच्यांना कुणी बंदी घातलेली नाही. त्यांच्याकडे कुणी गेलं नाही, एवढंच.

नियम पुस्तकातून न घेता थेट अंकांतूनच गोडवा मोजता येईल का, हा प्रश्न क्लॅरेन्स बार्लोनं विचारला. जन्म कोलकात्याचा, १९४५ चा. नंतर कोलोनला गेला, संगणकाच्या साहाय्यानं रचना करणाऱ्यांत त्याचं नाव मोठं झालं, २०२३ साली गेला. त्यानं प्रत्येक संख्या पचायला किती जड आहे याचं सूत्र केलं. मूळ संख्येतून एक वजा करा, वर्ग करा, त्याच मूळ संख्येनं भागा, दुप्पट करा. दोनाचा जडपणा १, तिनाचा २.६७, पाचाचा ६.४, साताचा १०.२९. मोठ्या संख्येचा जडपणा म्हणजे तिच्या मूळ अवयवांच्या जडपणाची बेरीज. दोन स्वरांचं गुणोत्तर घ्यायचं आणि दोन्ही बाजूंचा जडपणा मिळवायचा. जितका कमी, तितकी जोडी गोड. सा–प म्हणजे ३:२, बेरीज ३.६७. सा–म ४:३, बेरीज ४.६७. इथपर्यंत आपलं तंबोऱ्याचं ज्ञान आणि बार्लोचं सूत्र हातात हात घालून चालतात. पुढे सा–रे ९:८, बेरीज ८.३३, आणि सा–ग ५:४, बेरीज ८.४.

इथे माझी अडचण होते. सूत्र म्हणतं की शुद्ध रिषभ शुद्ध गांधारापेक्षा केसभर गोड. जवारी लागलेल्या खर्जाच्या तारेतून न छेडता जो गांधार उठतो तो ज्यानं ऐकला असेल, त्याला हे पटवून दाखवावं. बार्लोच्या सूत्राचा फरक ०.०७ चा आहे आणि आपल्या कानांचा फार मोठा. तरीही हे सूत्र मला फाशांपेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण ते कुठे चुकतं हे आकड्यात दाखवता येतं.

संदीप भागवती मुंबईत जन्मला (१९६३), जर्मनीत वाढला आणि कॅनडात माँट्रिआलला शिकवतो. तो तिसऱ्या वाटेनं गेला. त्याच्या ‘नेटिव्ह एलियन’मध्ये एक वादक आणि एक संगणक समोरासमोर असतात. वादक वाजवतो, यंत्र ऐकतं, उत्तर देतं, वादक पुन्हा बदलतो. पुण्यात ‘संगीत प्रयोग’ या नावानं त्यानं भारतीय वादकांचा संचही उभा केला. लिहून ठेवलेली रचना आणि तत्क्षणी सुचलेलं वादन यांच्यामध्ये नेमकी जी जागा आहे तिथे आपली ख्याल गायकी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे, त्यामुळे पुण्याच्या वादकांना ती जागा परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

आपल्या भूपाच्या हिशेबात मात्र एक भोक राहिलं आहे. सा रे ग प ध हेच पाच स्वर घेऊन देशकारही गातात. तोच शेजाऱ्यांचा नियम लावा, तीच यादी येते, ७,१७,४४,५३५. एकही आवर्तन कमी नाही, एकही जास्त नाही. पण भूप संध्याकाळचा, गांधारावर वसणारा, पूर्वांगात रमणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उभा, उत्तरांगातून बोलणारा. भूपात धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की जाणकार मान वर करून बघतात. वाटा मोजणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही. कुठल्या वाटेवरून किती वेळा गेलं, कुठे किती थांबलं, हे मोजायला लावलं तर थोडं दिसू लागतं. म्हणून नंतरच्या संशोधकांनी राग ओळखायला नुसत्या वाटांऐवजी त्या वाटांची संभाव्यता धरली, आणि आयआयटी कानपूरलाच त्याचे सुरुवातीचे प्रयोग यमन आणि भूपाळीवर झाले.

शार्ङ्गदेवाला हे भोक माहीत असावं. पहिल्या अध्यायात तो खडे ठेवून कुठलीही तान काढून दाखवतो. दुसऱ्या अध्यायात रागांकडे वळतो, २६४ राग सांगतो, आणि त्यांची ओळख सुरुवातीचा ग्रह कोणता, मुख्य अंश कोणता, शेवटचा न्यास कुठे, यावरून करून देतो. खंडमेरूतला क्रमांक त्यानं एकाही रागाला दिलेला नाही.